चित्ता रानात कसा टिकतो: वेग, ब्रेक आणि माघार

प्रश्न असा होता: चित्ता जमिनीवरचा सर्वांत वेगवान प्राणी आहे, मग त्याच्या तोंडची शिकार तरस कशी पळवतात? त्याची इतकी पिल्लं का मरतात? आणि त्याचं शरीर नेमकं कोणत्या आयुष्यासाठी घडलंय?

मी वन्यप्राण्यांचा पशुवैद्य आहे. भुलीखाली पडलेल्या चित्त्यांचे पंजे, दात, खांदे हाताळायची संधी कामामुळे मिळत आली आहे, म्हणून सुरुवात शरीरापासूनच करतो. पण माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या प्राण्याने एका कामासाठी बाकीचं जवळजवळ सगळं सोडून दिलंय. त्याने काय सोडलं ते नीट पाहिलं, की बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यातच सापडतात.

आधी वेगाचा आकडा बाजूला करू, कारण तो सगळ्यांना पाठ असतो आणि त्यातून फारसं काही कळत नाही. ताशी ११० किंवा १२० किलोमीटर हा आकडा जुन्या, ढोबळ मोजणीतून आलेला आहे. नीट मोजलेली एक धाव २०१२ सालची: सिनसिनाटी प्राणिसंग्रहालयातल्या सारा नावाच्या मादीने १०० मीटर ५.९५ सेकंदांत पार केले. ती सपाट धावपट्टीवर, दोरीने ओढलेल्या खोट्या सावजामागे धावत होती. रानातलं चित्र २०१३ मध्ये स्पष्ट झालं. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या अॅलन विल्सन यांच्या गटाने बोत्सवानात ओकावांगोच्या परिसरातल्या पाच चित्त्यांना खास कॉलर घातल्या. त्या कॉलर जागा, वेग आणि अंगाची प्रत्येक हालचाल नोंदवत होत्या. ३६७ धावांच्या नोंदी हाती आल्या. त्यातला सर्वाधिक वेग ताशी ९३ किलोमीटर होता, पण प्रत्येक धावेतल्या कमाल वेगाची सरासरी काढली तर ती ५४च्या आसपासच आली. धाव सरासरी १७३ मीटरची. म्हणजे अंगात असलेला वेग चित्ता रोजच्या शिकारीत क्वचितच पूर्ण वापरतो. आणि शिकार साधते ती साधारण चारातली एक.

जाता जाता एक गंमत. बंदिस्त चित्त्यांना आणि शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांना सारख्याच पद्धतीने धावायला लावलं, तेव्हा कुत्रे थोडे पुढे निघाले होते. पिंजऱ्यातल्या चित्त्याला जिवाच्या आकांताने धावायचं कारणच काय! प्राणिसंग्रहालयात मोजलेल्या आकड्यांवरून रानातल्या प्राण्याबद्दल अनुमान काढताना हे लक्षात ठेवावं.

मग शिकार ठरते कशावर? वेग पकडण्यावर, आणि त्याहूनही जास्त वेग मोडण्यावर. त्याच नोंदींत दिसलं की चित्ता एका झेपेत सेकंदाला ३ मीटरने वेग वाढवू शकतो आणि एका झेपेत ४ मीटरने कमी करू शकतो. ताशी हिशेबात एका झेपेत सुमारे १४ किलोमीटर वेग उतरवणं झालं हे. सरळ रेषेत पळून चित्त्याच्या हातून सुटता येत नाही, हे इम्पाला हरणाच्या अंगात भिनलेलं आहे. ते मुद्दाम पूर्ण वेगाने पळत नाही. जरा हळू पळून ऐन शेवटच्या क्षणी वळण घेतं, कारण कमी वेगातच अचानक वळता येतं. पुढे कुठे जायचं हे हरीण ठरवतं, चित्त्याला मागून फक्त उत्तर द्यायचं असतं. म्हणून मागच्याला पुढच्यापेक्षा बरंच काही जास्त लागतं. २०१८ मध्ये याच गटाने चित्ता आणि इम्पाला, सिंह आणि झेब्रा अशा जोड्या तपासल्या. शिकारी आपल्या सावजापेक्षा वेगात ३८ टक्के आणि वेग पकडण्यात ३७ टक्के सरस निघाले, आणि वेग उतरवण्यात तब्बल ७२ टक्के. सगळ्यात मोठी तफावत ब्रेकमध्ये आहे. चित्त्याच्या शरीराकडे या नजरेने पाहिलं तर बऱ्याच गोष्टी जागच्या जागी बसतात.

पंजा हातात घेतला की पहिल्यांदा जाणवतात ती नखं. मांजरकुळातल्या इतर प्राण्यांची नखं कातडीच्या आवरणात लपतात आणि धारदार राहतात. चित्त्याला ते आवरण जवळपास नाहीच. नखं कायम थोडी बाहेर असतात, जमिनीवर घासून बोथट होतात आणि धावपटूच्या बुटांखालच्या खिळ्यांसारखी मातीत रुततात. तळवेही वाघ-बिबट्यासारखे मऊ नसून कडक, कंगोरेदार. हे सगळं पकड मिळावी म्हणून, विशेषतः थांबताना आणि वळताना. पण एक नख वेगळं आहे: पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला, जमिनीपासून वर असलेलं अंगठ्याचं नख. ते जमिनीला टेकत नाही, त्यामुळे झिजत नाही. मोठं, वाकडं आणि भलतंच तीक्ष्ण राहतं. चित्ता सावजावर झेप घेऊन त्याला दाबत नाही. तेवढं वजनच नाही त्याच्याकडे. तो धावत्या हरणाच्या मागच्या भागाला हे नख अडकवून मागे खेचतो किंवा पंजाने पाय उडवतो. पूर्ण वेगातल्या प्राण्याचा तोल गेला की उरलेलं काम त्याचाच वेग करतो.

कण्याबद्दल सगळेच बोलतात, आणि ते बरोबरच आहे. पाठ कमानीसारखी वाकते, मग ताणून सरळ होते, आणि त्यामुळे पाय आहेत त्याहून लांब असल्यासारखे पडतात. खांद्याचं हाड गळपट्टीच्या हाडाने जखडलेलं नसल्याने पुढे-मागे मोकळं सरकतं. एका झेपेत सहा-सात मीटर अंतर जातं, आणि त्यात दोनदा चारही पाय हवेत असतात: एकदा अंग आखडलेलं असताना, एकदा पूर्ण पसरलेलं असताना. रेटा मुख्यतः मागच्या पायांचा असतो. वेग वाढतो तसा शरीराचा जास्त भार त्यांच्यावर जातो आणि पुढचे पाय वळायला, थांबायला मोकळे होतात. शेपूट लांब आणि केसाळ असते, पण केसांखाली चाचपली तर अगदी हलकी लागते. झटक्याने एका बाजूला फेकल्यावर ती अंगाला दुसऱ्या बाजूला वळवते, आणि केसांवर हवेचा जो अडथळा येतो तोही या कामी येतो.

माझ्या मते सर्वांत कमी चर्चा होते ती डोक्याची. धावताना धड वर-खाली होत असतं, पण चित्त्याचं डोकं जवळजवळ एका पातळीत राहतं आणि नजर सावजावरून हलत नाही. २०१८ मध्ये मांजरकुळातल्या बऱ्याच कवट्यांचं स्कॅनिंग करून आतल्या कानाची रचना तपासली गेली. तोल सांभाळणारा भाग चित्त्यात बाकीच्यांपेक्षा मोठा आणि त्यातल्या अर्धवर्तुळाकार नलिका जास्त लांब निघाल्या. हिमयुगात होऊन गेलेल्या चित्त्याच्या अवाढव्य नातेवाइकाच्या कानात ही रचना नव्हती. म्हणजे पायांचा वेग आणि डोक्याचा हा तोल एकदमच आलेले नाहीत. आतल्या कानातला हा बदल बराच अलीकडचा आहे. डोळ्यांच्या पडद्यावरही संवेदनशील पेशींची दाटी आडव्या पट्ट्यात असते, क्षितिजावर लांबवर काही हललं तर टिपायला सोयीची. डोळ्यांपासून तोंडापर्यंत उतरलेल्या काळ्या रेघांनी ऊन कमी चमकतं असं ठासून सांगितलं जातं, पण त्याला प्रयोगाचा आधार नाही, म्हणून मी ते कुणाला सांगत नाही.

आता किंमत. नाकाच्या पोकळ्या मोठ्या आहेत, कारण धावताना आणि त्यानंतर भरपूर हवा लागते. पण कवटी लहान आणि चेहरा आखूड. मोठ्या नाकाला जागा दिली की वरच्या सुळ्यांच्या मुळांना जागा उरत नाही, म्हणून सुळे लहान. जबडाही बेताचाच. हाडं सडपातळ, वजन साधारण ३५ ते ६० किलो. पाय धावण्याच्या सरळ हालचालीसाठी इतके बांधीव झालेत की बिबट्यासारखं झाडाला मिठी मारून चढणं किंवा शिकार फांदीवर ओढून नेणं जमत नाही. कललेल्या खोडावर चढून टेहळणी करता येते, तेवढंच. मारतानाही तो मान मोडत नाही. गळा धरून श्वास कोंडतो, आणि त्याला काही मिनिटं लागतात. धाव संपवून धापा टाकत असतानाच तोंड गळ्यात अडकलेलं असतं. अशा वेळी ते मोठं नाकच कामी येतं.

इथे एक लोकप्रिय समज खोडावा लागेल: चित्ता तापतो म्हणून पाठलाग सोडतो. १९७३ मध्ये चित्त्यांना फिरत्या पट्ट्यावर पळवून केलेल्या प्रयोगातून हा समज रुजला. अंगाचं तापमान ४०.५ अंशांच्या आसपास गेलं की ते पळायचं थांबत, असं तेव्हा दिसलं होतं. २०१३ मध्ये रॉबिन हेटेम यांच्या गटाने नामिबियात मोकळ्या रानातल्या चित्त्यांच्या शरीरात तापमान नोंदवणारी यंत्रं बसवून पाहिलं. पाठलाग सोडताना तापमान फार चढलेलं नव्हतंच. ते चढत होतं नंतर, विश्रांती घेत असताना. आणि शिकार साधली तर फसलेल्या शिकारीपेक्षा दुपटीहून जास्त. दोन्ही धावांत दमणूक सारखीच होती, मग हा फरक कुठून आला? संशोधकांनी काढलेला अर्थ मला पटतो: हा ताण आहे. समोर मांस पडलंय, त्याचा वास पसरतोय, आणि आता कुणीतरी येणार.

आणि ते येतंच. तरस, सिंह, बिबट्या, कधी रानकुत्र्यांची टोळी. एकट्या तरसासमोरही चित्ता बहुधा शिकार सोडून बाजूला होतो. लोक याला भित्रेपणा म्हणतात, ते मला अजिबात मान्य नाही. पायाला एक खोल जखम झालेला सिंह कळपाच्या जिवावर काही आठवडे काढू शकतो. एकटी मादी चित्ता लंगडली, तर तिची आणि तिच्या पिल्लांची उपासमार दोन-चार दिवसांतच सुरू होते. हरीण पुन्हा मिळतं, पाय मिळत नाही. शिवाय हे नुकसान वाटतं तेवढं जबर नसतं. २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या भागात चित्त्यांची रोजची ऊर्जा मोजली गेली, तेव्हा त्यांचा मोठा खर्च धावण्यात किंवा चोरीत नाही, तर सावज शोधत चालण्यात होतो असं दिसलं. म्हणजे सावज दूर गेलं, मधे कुंपणं आली, फिरावं जास्त लागलं, तर चित्ता खरा अडचणीत येतो.

माघार घेणं त्याच्या सगळ्या वागण्यात मुरलंय. सिंह आणि तरस रात्री हिंडतात, म्हणून चित्ता मुख्यतः सकाळी आणि संध्याकाळी शिकार करतो. पण नियम म्हणून नव्हे: चांदण्या रात्री तोही बराच फिरतो, शिकारही करतो, कारण तेव्हा त्याला दिसतं. शिकार झाली की शक्य तर झुडपाआड ओढतो, भराभर खातो, आणि एकदा सोडून गेला की सहसा परत येत नाही. सिंहांची डरकाळी ऐकली की बेत बदलतो. त्याला स्वतःला डरकाळी फोडता येत नाही. मांजरासारखी घुरघुर करतो, आणि पिल्लांना किंवा भावांना हाक द्यायची तर चक्क पाखरासारखी चिवचिव. पहिल्यांदा ऐकणारा झाडावर पक्षी शोधतो!

पिल्लांचा प्रश्न इथूनच येतो. सुमारे तीन महिन्यांच्या गर्भारपणानंतर तीन ते पाच पिल्लं होतात, आणि आईला त्यांना गवतात एकटं टाकून शिकारीला जावंच लागतं. दर काही दिवसांनी ती जागा बदलते, एकेक पिल्लू तोंडात धरून. वास साचू नये हा त्यातला हेतू. पिल्लांच्या पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत राखाडी-रुपेरी लांब केस असतात. त्यामुळे ती वाळक्या गवतात मिसळून जातात. काहींच्या मते ती हनी बॅजर या अत्यंत भांडखोर प्राण्यासारखी दिसतात म्हणून शिकारी बिचकतात. दुसरी कल्पना आकर्षक आहे, पण मला गवताचं स्पष्टीकरण पुरेसं वाटतं.

टांझानियातल्या सेरेंगेटीच्या उघड्या मैदानात १९९०च्या सुमारास झालेल्या अभ्यासात शंभरातली पाच पिल्लंही स्वतंत्र होईपर्यंत जगत नव्हती, आणि बहुतेकांना सिंहांनी मारलं होतं. हा आकडा इतका गाजला की चित्त्याची पिल्लं मरणारच असं सगळीकडे छापलं जाऊ लागलं. मग दक्षिण आफ्रिका आणि बोत्सवानाच्या सीमेवर, कलहारी वाळवंटातल्या क्गलागाडी उद्यानात वर्षानुवर्षं पाहणी झाली, तिथे सुमारे ३६ टक्के पिल्लं चौदा महिन्यांपर्यंत पोचली. तिथे लपायला झुडपं आणि टेकाडं आहेत, आणि सिंह विरळ आहेत. कुणी चित्त्याला दुबळं ठरवताना सेरेंगेटीचा आकडा पुढे केला, तर आधी तिथली सिंहांची दाटी विचारावी.

जगलेली पिल्लं दीड वर्षं आईजवळ राहतात. आई जिवंत पाडस आणून त्यांच्यासमोर सोडते आणि बाजूला बसून पाहते; पिल्लं पहिल्यांदा अगदी बावळटासारखी वागतात. वेग अंगात येतो, पण कधी पळायचं, कधी दबून बसायचं हे शिकावं लागतं. बंदिस्त वाढलेला चित्ता रानात सोडायचा म्हणतात तेव्हा अडचण इथेच येते. आई निघून गेल्यावर भावंडं काही महिने एकत्र राहतात. मग बहिणी एकेकट्या होतात आणि भाऊ बहुधा जन्मभर सोबत राहतात. दोघातिघांची ही जोडगोळी एकट्या नराला हुसकावून जागा धरून ठेवते आणि एकट्याला न पेलणारं सावजही पाडते. सेरेंगेटीत असं नराचं क्षेत्र ४० चौरस किलोमीटरच्या आत भरलं, पण माद्या हरणांच्या मागे ८०० चौरस किलोमीटरहून जास्त परिसरात हिंडत होत्या. मांजरकुळात ही उलटी तऱ्हा आहे. त्या हिंडण्यात मादीला अनेक नर भेटतात, आणि एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असणं सर्रास आढळतं.

हे तिच्या फायद्याचंच आहे, कारण चित्त्यांमधली जनुकीय विविधता भयानक कमी आहे. साधारण १०-१२ हजार वर्षांपूर्वी त्यांची संख्या फार घटली होती. १९८०च्या दशकात नात्यात नसलेल्या चित्त्यांची कातडी एकमेकांना लावून पाहिली तर शरीराने ती परकी म्हणून झिडकारली नाही. त्याच सुमारास अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या एका बंदिस्त कळपात घरमांजरांना होणारा विषाणूजन्य आजार शिरला आणि निम्म्याहून जास्त चित्ते गेले. नरांच्या वीर्यातल्या सदोष शुक्राणूंचं प्रमाणही खूप असतं. इतकं असूनही रानातल्या माद्या व्यवस्थित वितात. प्रजननाच्या तक्रारी प्रामुख्याने पिंजऱ्यातल्या आहेत.

चित्त्याला फक्त सपाट मैदान लागतं, हेही खरं नाही. ओकावांगोतल्या त्या नोंदींत बऱ्याच शिकारी झाडीत झालेल्या होत्या. सहारात, अल्जेरियाच्या अहग्गार पर्वतात, हजार चौरस किलोमीटरमागे एक चित्ताही धड भरत नाही. तिथले चित्ते जास्त करून रात्री फिरतात. कोरड्या मुलखात पाण्याची बरीचशी गरज सावजाच्या रक्तामांसातूनच भागते. इराणात उरलेले मोजके आशियाई चित्ते डोंगरउतारांवर रानमेंढ्यांमागे असतात. जागा बदलली तर सवयी बदलतात, फक्त शरीराचं घड्याळ लवकर बदलत नाही. २०२२-२३ मध्ये नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेतून मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात आणलेल्या काही चित्त्यांना जून-जुलैमध्ये हिवाळी दाट केस आले, कारण त्यांच्या मूळ मुलखात तेव्हा थंडी असते. इथे मात्र तेव्हा पावसाळा होता. कॉलरखाली ओल धरली, जखमा झाल्या, त्यात अळ्या पडल्या आणि काही चित्ते दगावले.

आज जगात चित्ते सुमारे सात हजार, आणि त्यातले तीन चतुर्थांश संरक्षित क्षेत्रांच्या बाहेर, म्हणजे गुराढोरांच्या मुलखात. अभयारण्यात सिंह-तरस जास्त असतात. शेतकऱ्यांनी ते जिथून संपवले तिथे चित्त्याला मोकळीक मिळते, आणि मग त्याच्यावरच वासरं मारल्याचा आळ येतो. आळ काही वेळा खराही असतो. नामिबियात मोठ्या गोपालकांच्या जमिनींवर कॉलर लावलेल्या चित्त्यांचा माग काढल्यावर कळलं की नर ठरावीक झाडांवर वास सोडतात आणि आसपासचे सगळे चित्ते, बिनजागेचे नरसुद्धा, ‘बातम्या घ्यायला’ पुन्हा पुन्हा त्याच झाडांपाशी येतात. गोपालकांनी एवढंच केलं: लहान वासरांचे कळप त्या झाडांच्या परिसरातून हलवले. वासरांचं नुकसान ८६ टक्क्यांनी घटलं. चित्ते कळपांमागे गेले नाहीत, झाडांपाशीच थांबून तिथली रानटी सावजं मारत राहिले.